मग ते पाणी गेले कुठे? : सर्वशक्तिमान पात्रे आणि त्यांच्या मर्यादा

वाचनतास (विश्रामबाग, सांगली) यांचा प्रश्न

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि दर शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी वाचनाचा एक तास घेते. मुलांना स्वतः रचलेली गोष्ट लिहून आणायला सांगितली होती. सातवीतल्या एका मुलाच्या गोष्टीचा नायक असा आहे की त्याला अशक्य असे काहीच नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर चढते आहे, लोक ट्रॉलीत गाद्या, भांडी आणि म्हाताऱ्या माणसांना चढवत आहेत, आणि इतक्यात हा नायक घाटावर येऊन एक चुटकी वाजवतो व पूर नाहीसा होतो. गोष्ट दीड पानात आटोपली. २०१९ मध्ये याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि त्या वेळी हा मुलगा जेमतेम बालवाडीत असेल. तेव्हा अशी चुटकी त्याला हवीशी वाटावी यात मला काही नवल वाटले नाही.

पण वाचन संपताच मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "मग ते पाणी गेलं कुठं?" लेखक म्हणाला, "नाहीसं झालं." ती म्हणाली, "नाहीसं म्हणजे कुठं? खाली वाडीला? माझी मावशी राहते तिथं." त्यावर पुढचा अर्धा तास वर्गात जो गदारोळ झाला तो मला आवरता आला नाही आणि खरे सांगायचे तर आवरावासाही वाटला नाही.

माझा प्रश्न असा आहे. कथावाङ्मयात ज्यांना आपण सर्वशक्तिमान म्हणतो अशी पात्रे खरोखरच तशी असतात का, की नीट पाहिले असता प्रत्येकाला कुठे ना कुठे कुंपण असते? आणि असल्यास ते कुंपण लेखकाने गोष्ट लांबवण्यासाठी सोयीने घातलेले असते, की शक्तीच्या स्वभावातच काही असे असते की ती एका जागी थांबावीच लागते? मुलाला "नायकाला एखादा दुबळेपणा दे" असे सांगणे मला सोपे आहे, परंतु तो सल्ला मला स्वतःलाच पटलेला नाही.

हरिपूरकर यांचे उत्तर

बाई, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला प्रश्न आहे असे मी मानतो, आणि म्हणून उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

अरबी सुरस कथांमधला अल्लाउद्दीन आणि त्याचा दिवा घ्या. दिव्यातला जिन सर्व काही करतो अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते, कारण आपल्यापर्यंत ती गोष्ट बहुधा चित्रांच्या पुस्तकातून संक्षेपाने येते. अठराव्या शतकाच्या आरंभी आंत्वान गालाँ याने फ्रेंचमध्ये लिहिलेली ही कथा सविस्तर वाचली तर तिच्यात मर्यादांचे एक शास्त्रच सापडते. तिथे जिन एक नसून दोन आहेत, एक दिव्याचा आणि एक अंगठीचा. जादूगार दिवा पळवतो आणि राजवाडा राजकन्येसकट आफ्रिकेत नेऊन ठेवतो, तेव्हा अल्लाउद्दीन अंगठीच्या जिनाला तो वाडा परत आणण्याची आज्ञा करतो. जिन म्हणतो की ते माझ्या अधिकारात नाही, ते दिव्याच्या सेवकाचे काम आहे. मी फार तर तुला तिथे पोहोचवू शकतो. सरकारी कचेरीत कामासाठी हेलपाटे घातलेल्या कोणाही माणसाला हे उत्तर अपरिचित वाटणार नाही. आणि तुमच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, वाडा उचलला गेल्यावर सुलतान सकाळी खिडकीशी येतो तेव्हा त्याला समोर मोकळी जमीन दिसते. वस्तू नाहीशी झालेली नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली आहे, आणि पहिल्या जागी तिची उणीव उरली आहे.

दिव्याचा मोठा जिनसुद्धा एकदा ठाम नकार देतो. वाड्याच्या घुमटाला रुख पक्ष्याचे अंडे टांगावे असा मोह राजकन्येला पाडण्यात येतो आणि अल्लाउद्दीन ते मागतो; तेव्हा जिन संतापून ओरडतो की ज्याचे आम्ही सगळे दास आहोत त्या आमच्या धन्यालाच तू इथे आणून टांगायला सांगतोस. म्हणजे या जिनाच्या वर कोणी तरी आहे हे वाचकाला कथेच्या अखेरीस, तेही एका वाक्यात कळते.

तरीही मला या कथेतला सर्वांत मार्मिक भाग वेगळाच वाटतो. दिवा हाती आल्यावर अल्लाउद्दीन आणि त्याची आई काय करतात? जिनाने जेवण चांदीच्या थाळ्यांत आणलेले असते. त्या थाळ्या अल्लाउद्दीन एकेक करून विकतो, आणि घेणारा व्यापारी त्याला प्रत्येक थाळीमागे तिच्या किमतीचा अगदी लहान अंश देऊन ठकवतो, कारण मुलाला चांदीचा भाव माहीत नाही. पुढे एक प्रामाणिक सोनार त्याला खरी किंमत सांगतो. ज्याच्या हाताशी डोंगर हलवणारा नोकर आहे, त्याला पेठेतला भाव सांगणारा मनुष्य मिळेपर्यंत फसत राहावे लागते. जिनाने त्याला भाव सांगितला नाही, कारण त्याने विचारलाच नव्हता. मर्यादा जिनाच्या अंगी नसून मागणाऱ्याच्या अज्ञानात आहे.

हीच गोष्ट आपल्याकडच्या वरकथांमध्ये अधिक धारदार होते. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात रावण ब्रह्मदेवाकडे अमरत्व मागतो आणि ब्रह्मदेव सांगतो की सर्वस्वी अमरत्व देता येणार नाही, दुसरे काही माग. मग रावण यादी करतो: देव, दानव, दैत्य, यक्ष, राक्षस, नाग, गरुड यांच्याकडून मरण नको. मनुष्य आणि इतर प्राण्यांना तो यादीतून वगळतो, कारण ते त्याला गवताच्या काडीइतके वाटतात. त्याचे दहा डोक्यांचे सामर्थ्य जिथे संपते ती जागा त्याने स्वतःच, तुच्छतेने, मोकळी सोडलेली आहे. हिरण्यकशिपूने रावणासारखी घाई केली नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात त्याने मागितलेल्या वरात दिवसा नाही, रात्री नाही, आत नाही, बाहेर नाही, भूमीवर नाही, आकाशात नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही अशी एखाद्या कसलेल्या वकिलाने केल्यासारखी कलमे आहेत. तरी संध्याकाळ, उंबरा, मांडी आणि नखे उरलीच. भाषेने कितीही बारीक विणले तरी दोन शब्दांच्या मध्ये फट राहते, आणि नरसिंह त्या फटीतून येतो.

म्हणून माझे मत असे आहे की तुमच्या विद्यार्थ्याच्या नायकाला दुबळेपणा देण्याची गरज नाही. त्याने चुटकी वाजवताना नेमके कोणते शब्द उच्चारले एवढे त्याला लिहायला लावा.

मिरजेचा तंबोरा यांचे उत्तर

हरिपूरकरांचे विवेचन उत्तम आहे, परंतु "मर्यादा मागणाऱ्यात असते" हे सूत्र सगळीकडे लागू होत नाही. काही ठिकाणी मर्यादा उघड उघड लेखकांच्या अडचणीतून जन्माला येते आणि ते लपवण्याचे कारण नाही.

सुपरमॅनचे उदाहरण पाहा. १९३८ मध्ये तो प्रथम छापून आला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो एका उडीत मैलाचा आठवा भाग ओलांडत असे, आणि त्याची त्वचा भेदण्याला फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी काही पुरत नसे. हे दुसरे वाक्य लक्षपूर्वक वाचावे, कारण त्याचा अर्थ असा की फुटणारा तोफगोळा त्याला इजा करू शकत होता. म्हणजे आरंभीचा सुपरमॅन बलाढ्य होता, सर्वशक्तिमान मुळीच नव्हता. पुढच्या काही वर्षांत तो उडू लागला आणि त्याची शक्ती अशी वाढत गेली की त्याच्यापुढे गुंड उभा करणे हास्यास्पद होऊ लागले. क्रिप्टोनाइट हा त्याला निःशक्त करणारा दगड १९४३ मध्ये रेडिओवरील मालिकेत आला आणि कॉमिकमध्ये तर १९४९ मध्ये. शक्ती आधी फुगली आणि टाचणी मागाहून शोधण्यात आली, असा हा क्रम आहे. टाचणीचा मला व्यक्तिशः कंटाळा आहे. जो दगड गोष्टीला हवा तेव्हा खलनायकाच्या खिशातून निघतो, त्याने वाचकाच्या मनात नायकाविषयी भीती निर्माण होत नाही, लेखकाविषयी संशय तेवढा निर्माण होतो.

याच मालिकेत १९४४ मध्ये आलेले एक दुय्यम पात्र मात्र मला फार आवडते. मिक्सिझ्पिटलिक हा पाचव्या मितीतून आलेला बुटका खट्याळ इसम वास्तवाशी हवा तसा खेळ करतो, आणि सुपरमॅनला त्याच्याशी ताकदीने लढता येत नाही. त्याला परत पाठवण्याचा एकच उपाय म्हणजे त्याचे नाव त्याच्याच तोंडून उलटे वदवून घेणे. इथे मर्यादा बाहेरून आणलेली नाही, ती त्या पात्राच्या नावातच आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला बळाऐवजी युक्ती लागते. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, आणि तो गुपित कोणाला सांगतो तर पळवून आणलेल्या राजकन्येला, हे याच जातीचे आहे. तो सांगितल्याशिवाय राहू शकत नाही ही त्याची खरी मर्यादा. पोपट हे निमित्त.

आणखी एक आठवण. आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. शेकडो वर्षे न मरणारा म्हणून जंगलातले लोक त्याला भितात, आणि वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते की तो एकविसावा आहे, बापाच्या मागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. त्याचे अमरत्व ही केवळ एक अफवा आहे आणि ती अफवा टिकवण्यासाठी प्रत्येक पिढीला खरोखर मरावे लागते. मिरज स्टेशनच्या पुस्तकाच्या स्टॉलवर उभ्या उभ्या हे वाचताना ते इतके गंभीर आहे हे मला कळले नव्हते.

अर्धी वही यांचे उत्तर

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते, त्यामुळे वरच्या दोन्ही उत्तरांच्या तुलनेत माझे वाचन तोकडे आहे. तरी मुलांना ओळखीचे वाटेल असे एक उदाहरण सुचवते. 'वन पंच मॅन' या जपानी कथेतला सैतामा कोणत्याही शत्रूला एकाच ठोशात संपवतो. त्याला क्रिप्टोनाइटसारखे काहीही नाही आणि लेखकाने ते शेवटपर्यंत दिलेले नाही असे निदान मी वाचले तिथवर दिसते. मात्र वीरांच्या संघटनेत भरती होण्यासाठी त्याला परीक्षा द्यावी लागते. शारीरिक चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, लेखी परीक्षेत तो इतका कमी पडतो की कसाबसा उत्तीर्ण होतो आणि त्याची नेमणूक सर्वांत खालच्या वर्गात होते. पुढे त्याने शहर वाचवले तरी श्रेय दुसऱ्यालाच जाते. आणि लढण्यातली गंमत गेल्याने तो मनातून रिकामा झालेला आहे. बाईंच्या वर्गात हे सांगितले तर लेखी परीक्षेचा मुद्दा मुलांना नक्की कळेल.

कोरा कागद यांचे उत्तर

चर्चा चांगली रंगली आहे. सर्वशक्तिमत्तेचा प्रश्न कथाकारांच्याही आधी तत्त्वचिंतकांना पडलेला आहे, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो; देवधर्माविषयी कोणतेही मत मांडण्याचा हेतू नाही.

स्वतःला उचलता न येणारा दगड सर्वशक्तिमान निर्माण करू शकतो का, हे कोडे मुलेही घालतात. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनासचे म्हणणे साधारण असे होते की जे स्वतःशीच विसंगत आहे ते करण्याजोगे असे काही नसतेच, म्हणून ते न करता येण्याने शक्तीला उणेपणा येत नाही. उत्तर तर्कशुद्ध आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही.

आपल्या ग्रंथांतली उत्तरे मला गोष्टीला अधिक जवळची वाटतात. केनोपनिषदात देवांना विजयाचा गर्व झाल्यावर त्यांच्यापुढे एक यक्ष प्रकटतो आणि अग्नीसमोर गवताची एक काडी ठेवून ती जाळायला सांगतो. सर्व पृथ्वी जाळू शकणाऱ्या अग्नीला ती काडी जाळता येत नाही आणि वायूला ती उडवता येत नाही. रावणाने माणसांना काडीची उपमा दिली होती हे हरिपूरकरांनी वर लिहिलेच आहे; दोन्ही ठिकाणी बलाढ्यांची गाठ गवताशीच पडावी हे मला हे लिहिताना प्रथमच जाणवले. ब्रह्मसूत्रांच्या अगदी शेवटच्या पादात मुक्त पुरुषाला सर्व ऐश्वर्य लाभते असे सांगून लगेच एक अपवाद जोडला आहे: जगाचा कारभार सोडून. आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यात याहून सूक्ष्म विचार आहे. ज्याचा संकल्प सत्य होतो अशा योग्याला पदार्थांची उलटापालट करण्याचे, म्हणजे चंद्राचा सूर्य करण्याचे सामर्थ्य असूनही तो ती करत नाही, कारण त्याच्या आधी सिद्ध असलेल्या दुसऱ्या कोणाचा तरी संकल्प असा आहे की त्या वस्तू तशाच असाव्यात. शक्ती आहे आणि तरी हात आवरलेला आहे. तुमच्या विद्यार्थ्याच्या नायकाने चुटकी वाजवण्याआधी नदीच्या बाजूने कोणाचा संकल्प आहे याचा विचार केला असता का, हे त्याला विचारण्यासारखे आहे.

परंतु या सर्वांहून मला एक मराठी आख्यायिका जवळची आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून आणि हाती सापाचा चाबूक घेऊन फिरणारे चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसतात आणि मायन्यापाशीच अडतात. ज्ञानेश्वर वयाने लहान, म्हणून "चिरंजीव" लिहावे तर ज्ञानाने ते मोठे. "तीर्थरूप" लिहावे तर वय आड येते. शेवटी ते कोरा कागद धाडतात. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात, आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. मृत्यूला परतवणाऱ्या योग्याला थोपवले कोणी, तर पत्राच्या पहिल्या शब्दाने. एवढ्या हलक्या हाताने घातलेली मर्यादा मी दुसऱ्या कोणत्या कथेत पाहिलेली नाही. (माझ्या टोपणनावाचे कारण आता लक्षात आले असेल.)

हरिपूरकर यांचे पुन्हा उत्तर

तंबोरा यांचा आक्षेप अंशतः मान्य. पण लेखकाने घातलेली मर्यादा म्हणजे लबाडीच, असा जो सूर त्यांच्या लिहिण्यात आहे तो मला मान्य नाही, आणि सांगलीच्या माणसाने तर तो मान्य करूच नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्या परंपरेतल्या नाटकांत सूत्रधार आरंभी येऊन निघून जात नसे. कथानकाची पदे तोच गात असे आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे करीत. राक्षस "अलल डुर्र" अशी आरोळी ठोकत, तलवार फिरवत रंगभूमीवर येत. पुढे लोकांनी या नाटकांना तेच नाव ठेवले. आता विचार करा: त्रैलोक्य जिंकल्याची गर्जना करणारा तो राक्षस, आणि चार हातांवर झांज घेऊन उभा असलेला सूत्रधार. सूत्रधाराने पद गायल्याशिवाय राक्षसाला पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि हे प्रेक्षकांना समोर दिसते आहे. कोणी कोणाला फसवत नाही. मर्यादा घालणारा रंगभूमीवर उघडपणे उभा असेल तर ती मर्यादा वाचकाला खुपत नाही. तो विंगेत लपून दगड फेकू लागला की खुपते.

मिरजेचा तंबोरा यांचे पुन्हा उत्तर

विंगेतून दगड, हे मान्य. माझा आक्षेप तेवढाच होता.

वाचनतास (विश्रामबाग, सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल शनिवार होता. कोरा कागद यांची चांगदेवांची आख्यायिका मी मुलांना सांगितली आणि अर्धी वही यांनी सुचवलेला सैतामाही सांगितला. तो निम्म्या वर्गाला माझ्याहून चांगला माहीत होता आणि माझे उच्चार दोनदा दुरुस्त करण्यात आले. "दुबळेपणा दे" असे मी कोणाला म्हटले नाही. हरिपूरकरांच्या सूचनेप्रमाणे लेखकाला एवढेच विचारले की चुटकी वाजवताना तुझा नायक नेमके काय म्हणाला ते लिही.

त्याने तिथेच बसून लिहिले, "सांगलीतले पाणी जाऊ दे." मग बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मावशीवाल्या मुलीकडे एकदा पाहिले आणि "सांगलीतले" हा शब्द खोडला. त्या जागी "सगळीकडचे" लिहिले. त्यावर आठवीतला एक मुलगा म्हणाला की सगळीकडचे गेले तर विहिरीतलेही जाईल आणि उन्हाळ्यात जतला टँकर कुठून भरणार. तोही शब्द खोडला गेला. तास संपला तेव्हा नायक घाटाच्या पायरीवर हात वर धरून उभा होता, पाणी चढत होते, आणि गोष्ट चौथ्या पानावर होती. पुढच्या शनिवारी तो उरलेली आणणार आहे.